दुसरे वाविलोव्ह

कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कुणालाही वाविलोव्ह या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. कोणत्या पिकाचं मूळ घर कुठलं, ते माणसाच्या हाती आधी कुठे लागलं, याचा शोध घेत निम्मं जग पालथं घातलेले निकोलाय वाविलोव्ह वनस्पतिप्रजननाच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच भेटतात. पिकांच्या उगमकेंद्रांत त्यांनी हिंदुस्थानला जागा दिली. भात, वांगी, आंबा ही आपल्या ताटातली नावं त्यांच्या यादीत आहेत. या माणसाचा शेवट सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून झाला, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, तोही तितक्याच तोलाचा शास्त्रज्ञ होता, आणि थोरला असा गेल्यावर अडीच वर्षांनी धाकटा सोव्हिएत विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

सेर्गेई इवानोविच वाविलोव्ह हे त्या धाकट्याचं नाव. विषय प्रकाशविज्ञान. त्यांच्या कामाची एक खूण आपल्या मुंबईतही उमटलेली आहे. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. ती पाण्याच्या हौदात बसवलेली भट्टी. अशी भट्टी चालू असली की गाभ्याभोवतालचं पाणी आतून निळंशार उजळतं. त्या निळ्या उजेडाला जग चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतं. रशियात त्याला वाविलोव्ह-चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. आपण शिकतो आणि शिकवतो ते नाव अर्धंच आहे.

नाव गाळलं गेलं एवढीच तक्रार असती तर ती दोन ओळींत संपली असती. सेर्गेई वाविलोव्ह यांचं आयुष्य त्याहून मोठा प्रश्न आपल्यापुढे ठेवतं. विज्ञानात खरं काय आणि खोटं काय, ते निरीक्षणाने ठरतं; हुकमाने ठरत नाही. हा धडा त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास बसवून शिकवला. आणि ऑगस्ट १९४८मध्ये, एक अख्खं शास्त्र हुकमाने खोटं ठरवलं जात असताना, सभेच्या अध्यक्षस्थानी तेच होते. त्या शास्त्राचं नाव आनुवंशिकी, म्हणजे त्यांच्या दिवंगत भावाचं शास्त्र. यातलं एक पान वाचून दुसरं झाकून ठेवणं हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि विज्ञानावरही.

सेर्गेई यांचा जन्म २४ मार्च १८९१चा, मॉस्कोतला. वडील इवान इल्यिच शेतकरी घराण्यातून आलेले. कापडाच्या धंद्यात स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. त्यांनी मुलांना व्यापारी शाळेत घातलं ते दुकान पुढे चालावं म्हणून, पण चारही मुलं शास्त्राकडे वळली. थोरली अलेक्सांद्रा डॉक्टर झाली, निकोलाय वनस्पतिशास्त्रात गेले, लिदिया सूक्ष्मजीवशास्त्रात गेली आणि ऐन तारुण्यात देवीच्या रोगाने दगावली. सेर्गेई १९०९ साली मॉस्को विद्यापीठात भौतिकी शिकायला गेले.

तिथे त्यांना प्योत्र लेबेदेव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला तो ढकलतो, त्याचा दाब असतो, हे प्रयोगाने मोजून दाखवणारे ते हेच लेबेदेव्ह. १९११ साली शिक्षणमंत्री कासो यांनी विद्यापीठाच्या कारभारात हात घातला. त्याच्या निषेधार्थ शंभरहून अधिक अध्यापक राजीनामे देऊन बाहेर पडले, त्यांत लेबेदेव्ह होते. प्रयोगशाळा गेली, निवृत्तिवेतन गेलं. एका घराच्या तळघरात त्यांनी पुन्हा उपकरणं मांडली आणि विद्यार्थी त्यांच्यामागोमाग तिथे गेले. त्यांत विशीतले सेर्गेई होते. वर्षभरात, मार्च १९१२मध्ये, लेबेदेव्ह हृदयविकाराने गेले. वय अवघं ४६.

पुढे १९१४ साली सेर्गेई उत्तम गुणांनी पदवीधर झाले. विद्यापीठातच राहून प्राध्यापकीची तयारी करा, असं बोलावणं त्यांना आलं. ज्या विद्यापीठातून गुरूंना असं जावं लागलं तिथे राहणार नाही, म्हणून त्यांनी ते नाकारलं. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. सत्तेपुढे नाही म्हणणं या माणसाला माहीत होतं आणि तेविसाव्या वर्षी त्याने ते म्हणून दाखवलं होतं. त्यानंतर महायुद्ध आलं. चार वर्षं सैन्यात गेली. तिथेही रेडिओच्या लहरी कुठून येतात ते शोधण्याच्या पद्धतीवर त्यांनी काम केलं.

मॉस्कोत परतल्यावर त्यांनी जो विषय धरला तो जन्मभर सोडला नाही. काही पदार्थ प्रकाश शोषतात आणि निराळ्या रंगाचा प्रकाश परत देतात. त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. शोषलेल्यापैकी किती परत मिळतो, हा साधा वाटणारा प्रश्न फार अवघड होता, कारण तो उजेड सगळ्या दिशांना पसरतो आणि मोजमापात निसटतो. फार थोडा परत मिळतो, अशी तेव्हाची समजूत होती. वाविलोव्ह यांनी १९२४ साली मोजून दाखवलं, की काही रंगद्रव्यांच्या विद्रावांतून शोषलेल्याचा फार मोठा हिस्सा उजेड म्हणूनच बाहेर येतो. आपल्या घरांत ज्या ट्यूबलाइट वर्षानुवर्षं जळल्या त्यांची सारी गंमत इथे आहे. नळीतला पारा डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश देतो आणि आतल्या बाजूला फासलेली पूड त्याचा पांढरा उजेड करते. सोव्हिएत देशात असे दिवे आले ते वाविलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून.

त्याच काळातला एक प्रयोग वेगळाच होता. युरेनियमयुक्त काचेतून फार तीव्र प्रकाश सोडला तर काच एरवीपेक्षा किंचित कमी प्रकाश शोषते, असं त्यांना आणि त्यांचे सहकारी लेव्शिन यांना १९२६च्या सुमारास आढळलं. प्रकाश कितीही प्रखर असला तरी पदार्थाचं वागणं तेच राहतं, हे तोवर गृहीत धरलं जाई. त्या गृहीताला तडा गेला. पुढे लेझर आल्यावर ज्या शाखेला जगभर अरैखिक प्रकाशविज्ञान म्हणू लागले, ते नाव वाविलोव्ह यांनी लेझरच्या जन्माआधीच वापरलं होतं.

त्यांच्या कामाचं खरं रूप पाहायचं तर एका अंधाऱ्या खोलीत जावं लागेल.

प्रकाश पुंजांच्या रूपात येतो, सुट्या कणांसारखा येतो, हे विसाव्या शतकाने सिद्ध केलं. पण ते माणसाला नुसत्या डोळ्यांनी अनुभवता येईल का? वाविलोव्ह यांनी १९३०च्या दशकात ते करून पाहिलं. पाहणाऱ्याला मिट्ट काळोखात तासभर बसवायचं. तेवढ्या वेळात डोळा कमालीचा संवेदनशील होतो. समोर एक मंद तांबडा ठिपका. नजर त्याच्यावर खिळवायची, म्हणजे डोळा हलत नाही. बाजूला भोक पाडलेली एक तबकडी फिरते. दर सेकंदाला एकदा, दहाव्या भागापुरतं, हिरव्या प्रकाशाचं एक स्फुरण डोळ्याच्या कडेला पडतं. दिसलं की बटण दाबायचं. मग हे स्फुरण हळूहळू मंद करत न्यायचं.

दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर आलं की नवल घडतं. प्रत्येक स्फुरण सारख्याच तीव्रतेचं असतं, तरी काही दिसतात आणि काही दिसत नाहीत. एकसारखा भुरभुर पाऊस पडत असला तरी अंगणातल्या एका फरशीवर दर क्षणी सारखेच थेंब पडत नाहीत. कधी चार पडतात, कधी एक, कधी एकही नाही. तसंच हे. स्फुरणात पुंजांची संख्या इतकी कमी उरलेली असते की तिच्यातला चढउतार डोळ्याला जाणवतो. किती वेळा दिसलं आणि किती वेळा नाही, यावरून पुंज मोजता येतात. कोणतंही महागडं यंत्र नाही; एक तबकडी, एक दिवा आणि अंधारात धीर धरून बसलेला प्रामाणिक माणूस. वाविलोव्ह यांनी यातून जे शिकवलं ते भौतिकीपुरतं नव्हतं. जे पाहिलं तेच सांगायचं. दिसलं नाही तर दिसलं नाही असंच सांगायचं.

हीच सवय पुढच्या मोठ्या शोधाच्या कामी आली. पावेल चेरेन्कोव्ह हा वोरोनेझकडच्या खेड्यातून आलेला तरुण त्यांच्या हाताखाली संशोधन करत होता. विषय गुरूंनीच दिलेला. युरेनियमच्या क्षारांच्या विद्रावावर रेडियमचे गॅमा किरण पडले की तो चमकतो. ती चमक मोजायची. चमक अतिशय मंद, म्हणून मोजायला डोळाच. १९३३ साली चेरेन्कोव्ह रोज तासाहून अधिक काळ अंधारात बसून डोळा तयार करत आणि मग काम सुरू करत. त्यांना एक त्रास होऊ लागला. क्षार न घातलेलं नुसतं द्रवही मंद निळं चमकत होतं. पाणी घेतलं तरी तेच, दुसरं शुद्ध द्रव घेतलं तरी तेच.

दुसरा एखादा मार्गदर्शक म्हणाला असता, भांडं नीट धुतलेलं नसेल. द्रवात मळ असेल. ती चमक वजा कर आणि पुढे चल. वाविलोव्ह यांनी विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, पण आंधळा नव्हे, तपासायला लावलं. पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं. तापवून पाहिलं. प्रतिदीप्ती मारून टाकणारे पदार्थ त्यात घालून पाहिले. साधी प्रतिदीप्ती असती तर ती तापवल्यावर किंवा असे पदार्थ घातल्यावर मंदावली असती. ही चमक जशीच्या तशी राहिली. तेव्हा, जन्मभर प्रतिदीप्तीचा अभ्यास केलेल्या माणसाने ठाम निर्वाळा दिला, की ही प्रतिदीप्ती नाहीच. १९३४ साली अकादमीच्या नियतकालिकात दोन टिपणं एकापाठोपाठ छापली गेली. एक चेरेन्कोव्ह यांचं, निरीक्षणांचं. दुसरं वाविलोव्ह यांचं, अर्थ लावणारं. गॅमा किरणांनी द्रवातले जे इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात त्यांच्यामुळे हा उजेड पडतो, असं त्यांनी त्यात मांडलं.

ते मूळ बरोबर निघालं, एक तपशील चुकला. इलेक्ट्रॉनांचा वेग कमी होताना प्रकाश बाहेर पडतो, असा त्यांचा तर्क होता. खरं कारण १९३७ साली इल्या फ्रांक आणि इगोर ताम यांनी दिलं. निर्वात पोकळीत प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही. पण पाण्यात प्रकाश मंदावतो. सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर इतकाच वेग उरतो. सुसाट इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशाला मागे टाकून जातो आणि वेगाने जाणाऱ्या होडीमागे पाण्यात जशी कोनाकृती लाट उठते तशी प्रकाशाची लाट मागे ठेवतो. तोच तो निळा उजेड. आज लडाखमधल्या हानले इथे उभारलेली आपली ‘मेस’ दुर्बीण आकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांचा माग याच उजेडावरून काढते. फरक इतकाच, की तिथे पाण्याऐवजी हवा असते.

या शोधाला १९५८ सालचं नोबेल मिळालं. चेरेन्कोव्ह, फ्रांक आणि ताम या तिघांना. वाविलोव्ह १९५१मध्येच गेले होते आणि नोबेल मृत्यूनंतर दिलं जात नाही. म्हणून जगाच्या पुस्तकांत एकच नाव राहिलं. पुरस्काराच्या नियमाने इतिहासाचा नियम ठरू नये. विषय देणारा, पद्धत शिकवणारा आणि हा मळ नव्हे, हे काहीतरी नवं आहे असं प्रथम ओळखणारा माणूस त्या नावात असायलाच हवा.

दरम्यान वाविलोव्ह यांच्यावर दोन संस्थांचा भार आला होता. १९३२पासून ते लेनिनग्राडच्या सरकारी प्रकाशविज्ञान संस्थेचं शास्त्रीय काम पाहत होते. १९३४ साली अकादमी मॉस्कोला हलली, तेव्हा भौतिकी संस्था त्यांनी तिथे नव्याने उभी केली. तिला नाव दिलं गेलं लेबेदेव्ह यांचं. जी इमारत मिळाली ती लेबेदेव्ह यांच्यासाठी म्हणून देणग्यांतून योजली गेली होती. गुरू ती पाहायला उरले नव्हते. शिष्य त्या घराचा संचालक झाला. स्वतः प्रकाशविज्ञानातले असूनही त्यांनी संस्था आपल्या विषयापुरती ठेवली नाही. मांदेलश्ताम आणि लांद्सबेर्ग यांना आणलं. १९२८ साली आपल्या रामन यांच्याबरोबरच, अगदी त्याच दिवसांत, मॉस्कोत स्वतंत्रपणे तोच परिणाम पाहणारे ते हेच दोघे. सिद्धांताची बाजू ताम यांच्याकडे दिली. अणुगर्भाच्या अभ्यासाला तेव्हा व्यवहारात काही उपयोग नाही असं मानलं जाई, तरी त्याला जागा दिली. या एका संस्थेशी ज्यांचं काम जोडलेलं आहे असे सात नोबेल मानकरी झाले. १९५८चे तिघे, लेझरच्या पायाभरणीसाठी १९६४चे बासोव्ह आणि प्रोखोरोव्ह, १९७५चे शांतता पुरस्काराचे साखारोव्ह आणि २००३चे गिंझबुर्ग. दुसऱ्याच्या विषयाला आपल्यापेक्षा मोठी खोली देणारा संचालक किती संस्थांना लाभतो?

आता थोरल्याकडे वळावं लागतं. निकोलाय यांना ६ ऑगस्ट १९४० रोजी युक्रेनच्या पश्चिम भागात वनस्पती गोळा करत असताना पकडून नेलं. जीन वगैरे काही नसतं, पिकाला हवं तसं वळण लावता येतं, असं सांगणारे लिसेंको तेव्हा स्तालिनच्या मर्जीत होते आणि निकोलाय यांनी त्यांच्यापुढे मान तुकवली नव्हती. ९ जुलै १९४१ला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती वीस वर्षांच्या कैदेवर आली. त्यांची पत्नी आणि धाकटा मुलगा युद्धामुळे सारातोव्हला जाऊन राहिले होते, हलाखीत. ज्याच्यासाठी ती मॉस्कोच्या पत्त्यावर खाऊ पाठवत होती तो माणूस त्याच गावच्या तुरुंगात भुकेने मरत होता आणि तिला पत्ता नव्हता. सेर्गेई या कुटुंबाला पैसे पाठवत राहिले. जगाची भूक मिटावी म्हणून बियाणं गोळा करणारा हा माणूस २६ जानेवारी १९४३ रोजी गेला. सामुदायिक खड्ड्यात त्याला पुरलं. घरच्यांना हे कळायला उन्हाळा उजाडला.

त्याच जानेवारीत न्यूटनच्या जन्माला ३०० वर्षं पूर्ण झाली होती. सेर्गेई यांनी १९२७ साली न्यूटनचा प्रकाशविज्ञानावरचा ग्रंथ रशियनमध्ये आणला होता. आता युद्धाच्या धामधुमीत त्यांनी न्यूटनचं चरित्र लिहिलं. प्रकाशविज्ञान संस्था योश्कार-ओला इथे हलवलेली, भौतिकी संस्था काझानला. दोन्हीकडे त्यांची ये-जा चालू. सैन्याला दुर्बिणी, नेम धरायची भिंगं हवी होती आणि ती पुरवण्यात या संस्थांचा हात होता. ज्या सत्तेने भावाला कोंडलं तिच्याच सैन्यासाठी ते राबत होते. पण समोर हिटलर होता आणि लेनिनग्राड भुकेने मरत होतं. यात विसंगती शोधणाऱ्याने ती वेळ डोळ्यांपुढे आणावी.

जुलै १९४५मध्ये सेर्गेई अकादमीचे अध्यक्ष झाले. ज्या अकादमीच्या आनुवंशिकी संस्थेचे निकोलाय पूर्वी संचालक होते त्या खुर्चीत आता लिसेंको होते. म्हणजे भावाची जागा घेणारा माणूस रोजच्या कामकाजात समोर. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९४८मध्ये, कृषी अकादमीच्या अधिवेशनात लिसेंको यांनी आपल्या मताला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचं जाहीर केलं. तिथून चर्चा संपली. त्याच महिन्याच्या २४ ते २६ तारखांना विज्ञान अकादमीच्या अध्यक्षमंडळाची बैठक झाली. जीवशास्त्र विभागाचे प्रमुख ओर्बेली यांना दूर केलं गेलं, जीवशास्त्रज्ञ श्मालहाउझेन यांचं संचालकपद गेलं, दुबिनिन यांची पेशीआनुवंशिकीची प्रयोगशाळा बंद झाली. बैठकीच्या अध्यक्षस्थानी सेर्गेई वाविलोव्ह होते.

इथे मी आडपडदा ठेवणार नाही. ते चूक होतं. त्या ठरावाने माणसांची कामं गेली, विद्यार्थ्यांच्या हातून पुस्तकं गेली, एका देशाची शेती आणि वैद्यक कित्येक वर्षं मागे पडलं. अध्यक्षाच्या संमतीवाचून तो ठराव अकादमीच्या नावावर लागला नसता. तेविसाव्या वर्षी नाही म्हणणाऱ्या माणसाने सत्तावन्नाव्या वर्षी नाही म्हटलं नाही, ही नोंद त्यांच्या चरित्रात राहिलीच पाहिजे. पण या एका नोंदीवरून त्यांना खुशमस्करे ठरवणारे पुढे निघाले, त्यांच्याशीही मी सहमत नाही. त्यांची रोजनिशी पुढे बऱ्याच वर्षांनी छापून आली. भावाचं दुःख आणि खुर्चीचा उबग तिच्यात उघडा दिसतो. पदाच्या मोहाने माणूस असं लिहीत नाही. १९११ साली राजीनामा दिलेल्या गुरूला निदान तळघर मिळालं होतं. १९४८ साली नाही म्हणणाऱ्याला काय मिळतं, ते सारातोव्हने दाखवलं होतं. आणि आपण बाजूला झालो तर या घरात मागे राहिलेल्यांचं काय होईल, हा प्रश्न दोन संस्था आणि शेकडो माणसं अंगावर असलेल्याला टाळता येत नाही.

अपराधाचं माप कमी करण्यासाठी हे सांगत नाही. अपराधी कोण, ते नीट दिसावं म्हणून सांगतो. प्रयोगशाळेत ज्याचा निकाल लागायचा तो प्रश्न सभेत आणून शास्त्रज्ञांकडून होकार मागणारी सत्ता ही पहिली अपराधी. तो होकार देणारा दुसरा. क्रम उलटा केला की सत्ता सुटते आणि वाईट नाव शास्त्रज्ञाच्या माथी उरतं.

पुढच्या वर्षी हीच कुऱ्हाड भौतिकीवर येत होती. सापेक्षता आणि पुंजवाद परकी, भांडवलशाही विचारांचे म्हणून त्यांचा निषेध करायला देशभरच्या भौतिकीतज्ज्ञांची परिषद भरायची होती. तयारीच्या बैठका झाल्या आणि मार्च १९४९मध्ये परिषद रद्द झाली. अणुबॉम्ब हवा असलेल्या सत्तेला भौतिकीला हात लावणं परवडलं नाही, असं इतिहासकार मानतात. लेबेदेव्ह यांच्या नावाचं घर शाबूत राहिलं. वाविलोव्ह २५ जानेवारी १९५१ रोजी हृदयविकाराने गेले, साठी गाठण्याआधीच. दुसऱ्या दिवशी निकोलाय यांना जाऊन आठ वर्षं पूर्ण होत होती.

त्या घरातल्या माणसांनी नंतर काय केलं, हे सांगितल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. १९५६च्या फेब्रुवारीत, लिसेंको अजून जोरात असताना, ताम यांनी भौतिकीतज्ज्ञ कापित्सा यांच्या चर्चासत्रात उभं राहून डीएनएवर भाषण दिलं. भौतिकीतला माणूस, पण आनुवंशिकीची बाजू घेऊन उभा. जून १९६४मध्ये लिसेंको यांचे सहकारी नुझ्दिन यांचं नाव अकादमीच्या सदस्यत्वासाठी सभेपुढे आलं. त्याला विरोध करायला जे उभे राहिले त्यांत ताम होते आणि त्यांचे शिष्य साखारोव्ह होते. साखारोव्ह घडले तेही याच संस्थेत. १९४५ साली, वाविलोव्ह संचालक असताना, ते तिथे शिकायला आले होते. आनुवंशिकीचा झालेला नाश आणि छळलेले, मेलेले शास्त्रज्ञ यांचा जाब साखारोव्ह यांनी भर सभेत मागितला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण फुटेपर्यंत ते पाहायला जागे असलेले डोळे कुणीतरी सांभाळावे लागतात. ते वाविलोव्ह यांनी सांभाळले, आणि त्यासाठी जी किंमत मोजली तिच्यातला एक भाग मोजायचा त्यांना अधिकार नव्हता. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

आपल्या शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात त्या निळ्या उजेडाबद्दल सांगाल तेव्हा पुरं नाव सांगा, वाविलोव्ह-चेरेन्कोव्ह. कृषी महाविद्यालयात उगमकेंद्रं शिकवाल तेव्हा सांगा, की या वाविलोव्हांना एक भाऊ होता. आणि एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं, की अकादमीने ठराव करून नाकारलेली आनुवंशिकी मग खरी कशी ठरली, तर त्याला जून १९६४चा निकाल सांगा. त्या सभेत गुप्त मतदान झालं. नुझ्दिन पडले. पुढच्याच वर्षी लिसेंको यांना निकोलाय वाविलोव्ह यांची खुर्ची सोडावी लागली.